बैठकीच्या भिंतीतले बोल्ट

बरं झाल्यावर माणसं देवाचे आभार मानतात, डॉक्टरांचे मानतात, घरच्यांचे मानतात. मीही मानले, तोंडानं. पण हे लिहायला बसले आहे ती रागानं, आणि तो राग झाकून लिहिलं तर कुणाच्याच कामाचं होणार नाही. ज्यांची एक बाजू लुळी पडली आहे, ज्यांना घरातले सगळे सारखं "सांभाळून, सांभाळून" म्हणतात आणि सांभाळायचं ते कशाला धरून हे कोणी सांगत नाही, त्यांच्यासाठी हे आहे.

मी उज्जैनची. आमची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या माळव्यातच राहिलेली, त्यामुळे आमच्या मराठीत हिंदी कुठे घुसते ते आम्हालाही कळत नाही. सरकारी नकाशा-शाखेत मी ट्रेसर होते. इंजिनियरनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि शाईनं तो जसाच्या तसा उतरवायचा, हे काम. नवऱ्याला मी 'अहो' म्हणते, पण इथे नावानं लिहिते, वाचणाऱ्याला सोपं जाईल. अरविंद बँकेत अधिकारी होते.

नानाखेड्याकडे नव्या कॉलन्या उठत होत्या तेव्हा आम्ही घर बांधलं. ते दिवस असे होते की बाजारात एकाएकी सगळं मिळायला लागलं होतं. रंगीत टाइल्स, परदेशी नावांचे नळ, घरोघरी केबल. अरविंदनी इंदूरच्या एका शोरूममध्ये गुलाबी टब पाहिला आणि तो आमच्या बाथरूममध्ये आला. बाथरूम लहान, टब मोठा. बादली ठेवायलासुद्धा टबाच्या आतच जागा. पाहुणे आले की अरविंद आधी देवघर दाखवायचे, मग टब.

*

त्या दिवशी सकाळी ऑफिसात मी एका कालव्याचा नकाशा उतरवत होते. डाव्या हातानं पट्टी दाबून धरली होती. पट्टी सरकली, रेघ वाकडी गेली. ब्लेडनं शाई खरवडून मी पट्टी पुन्हा ठेवली. ती पुन्हा सरकली. तेव्हा मी डाव्या हाताकडे बघितलं. हात पट्टीवरच होता, पण दाबत नव्हता. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना मी म्हणाले, "ज़रा देखिए तो..." आणि पुढचे शब्द तोंडातल्या तोंडात गोळा झाले.

हॉस्पिटलात डॉक्टर माझ्या पलंगाच्या एका बाजूला उभे, अरविंद दुसऱ्या बाजूला. मी मध्ये. बोलणं माझ्यावरून चाललं होतं.

"लेफ्ट साइड पॅरालिसिस है। अब देखिए, कितना रिकवर होता है।"

"नौकरी कर पाएँगी?"

"अरे साहब, अपना नहाना-धोना खुद कर लें, वही बहुत है।"

मी शुद्धीत होते. मला ऐकू येत होतं, समजत होतं. फक्त जीभ जड झाली होती. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईविषयी हे दोघे असं बोलत होते, जसं कोणी रिपेअरला टाकलेल्या पंख्याविषयी बोलतं. डॉक्टरांनी जाताना माझ्या पायाला टोकरून बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. त्यांचं नाव मी लिहीत नाही. पण तो माझ्या आजारपणातला पहिला राग, आणि खरं सांगते, त्या रागानंच मी जागी राहिले.

हॉस्पिटलचा दिवस फिनेलच्या वासानं सुरू व्हायचा. चादर ओढून काढायची, दुसरी घालायची, पेशंटला इकडून तिकडे लोटायचं. ओल्या फडक्यानं अंग पुसायला बाई यायची, ती "पलटो, पलटो" म्हणायची आणि लुळ्या हाताला धरूनच पलटवायची. खांद्यातून कळ डोक्यात जायची. मी ओरडले की म्हणायची, "इसमें तो जान ही नहीं है, दुखेगा कैसे?"

शेजारच्या पलंगावरच्या म्हातारीची सून तराण्याकडच्या एका खेड्यातली होती. एकदा ती माझे केस विंचरायला आली. पलंगावर हात टेकण्याआधी तिनं मला विचारलं, "बाई, कौन-सी बाजू दुखती है?" मला. अरविंदना नाही. मी उजव्या हातानं डावा खांदा दाखवला आणि रडायलाच लागले. तिला वाटलं मी दुखण्यानं रडते आहे.

*

घरी आले तेव्हा माझ्या मोठ्या जाऊबाई, नलूवहिनी, देवासहून येऊन राहिल्या होत्या. अरविंदच्या थोरल्या भावाची बायको, देवासला एकट्याच राहणाऱ्या. टबात चढणं मला शक्यच नव्हतं, म्हणून मागच्या अंगणात, जिथे भांडी घासतात तिथे, प्लास्टिकची खुर्ची ठेवली गेली. भोवती जुनी चादर बांधली. वहिनी मला तिथे अंघोळ घालायच्या. घासायच्याही भांडं घासावं तशाच.

"लाजतेस काय एवढी? मी बाईमाणूसच ना?"

मी लाजत नव्हते. मी संतापत होते. चादरीच्या वर शेजारच्यांची गच्ची दिसायची. माझ्या अंगाला कुठे पाणी कधी पडणार, साबण डोळ्यांत जाणार का, हे मला माहीत नसायचं. स्वतःच्या अंगावर पाणी स्वतः ओतणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते ज्याला ओतता येतं त्याला कधी कळत नाही.

व्यायाम मात्र मी इमानदारीनं केले. फिजिओथेरपीच्या मॅडम घरी यायच्या. हळूहळू पाय वजन घ्यायला लागला, काठी घेऊन मी घरभर फिरायला लागले. हात मागे राहिला. मॅडम म्हणाल्या, गरम पाण्यात बसलात तर खांदा मोकळा होईल, आता टब वापरून बघायला हरकत नाही. मग त्यांनी अरविंदना विचारलं, "पकड़ने के लिए कुछ लगा है न?"

"हाँ हाँ, रॉड है," अरविंद म्हणाले.

ती टॉवेल वाळत घालायची रॉड होती.

दुसऱ्या दिवशी मी टबात उजवा पाय टाकला, ती रॉड धरली आणि डावा पाय आत ओढायला वजन तिच्यावर टाकलं. रॉड भिंतीतून निघून माझ्या हातात आली. मी रॉडसकट टबात पडले. ओठ फाटला, डाव्या खांद्यावर सगळं अंग आलं. वहिनींना एकटीला मला उचलवेना. त्यांनी बँकेत फोन केला. अरविंद येईपर्यंत मी त्या गुलाबी टबात अंगावर टॉवेल घेऊन पडून राहिले.

अरविंद आले, दारात उभे राहिले, भिंतीतल्या भोकाकडे त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "एवढ्या जोरात ओढायचं कशाला?"

*

मी म्हटलं, टब काढून टाका. अरविंद म्हणाले, टब काढायचा तर फरशी फोडावी लागेल, पाइप उखडावे लागतील, आणि एवढ्या हौसेनं घेतलेली वस्तू. "दुसरी रॉड आणू. चांगल्यातली."

मी म्हटलं, मी बरोबर येणार. त्यांना ते आवडलं नाही. टॉवर चौकातल्या दुकानात, एवढ्या गर्दीत, काठी टेकत बायको येणार. तरी गेले. ऑटोतून उतरताना त्यांनी हात दिला, पण डाव्या बाजूनं दिला. इतके महिने झाले होते आणि माझ्या नवऱ्याला माझी कोणती बाजू चालते ते पाठ नव्हतं.

दुकानदारानं काचेच्या कपाटातून एक चकचकीत रॉड काढली.

"भाभीजी, एकदम इम्पोर्टेड। शाइनिंग देखिए।"

मी एक ग्लास पाणी मागितलं. त्याला वाटलं प्यायला. मी ते रॉडवर ओतलं आणि ओल्या हातानं धरून बघितली. हात सुळकन घसरला. शिवाय ती भिंतीला इतकी चिकटून बसणारी होती की बोटं मागून वळलीच नसती.

"ये तो फिसल रही है।"

दुकानदार हसला. "भाभीजी, सब लोग टॉवेल टाँगने के लिए ले जाते हैं।"

"हमको आदमी टाँगना है," मी म्हणाले.

आजूबाजूची दोन-चार गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. अरविंदचे कान लाल झाले. रिकाम्या हातानं बाहेर पडायची त्यांना लाज वाटली, म्हणून त्यांनी तीच रॉड घेतली. माझ्या डोळ्यांदेखत, मी नको म्हणत असताना.

रईसभाई नावाचे नळ-फिटिंगवाले ती लावून गेले. मी त्या वेळी व्यायाम करत होते, मला कोणी बोलावलं नाही. येऊन बघते तर रॉड टबाच्या लांबच्या भिंतीवर, टाइलमध्ये भोकं पाडून, लाकडाच्या गिट्ट्या, म्हणजे बारीक खुंट्या, ठोकून, त्यात स्क्रू पिळून लावलेली. उंची अरविंदच्या खांद्याएवढी. मला धरायला हात खांद्याच्या बराच वर न्यावा लागला असता.

"आणि बाहेर येताना?" मी विचारलं.

"बाहेर येताना काय?"

"आत जाताना भिंत माझ्या उजवीकडे. वळून बाहेर यायला लागले की तीच भिंत डावीकडे. डावा हात धरत नाही."

"तेव्हा वहिनी धरतील ना."

मी काठी दाराला टेकवून ठेवली आणि म्हटलं, "आधी तुम्ही लटका."

"काय?"

"माझ्यापेक्षा तुम्ही जड आहात. तुमचं वजन तिनं पेललं तर मी धरते."

"तुला प्रत्येक गोष्टीत शंका."

"हो. लटका."

अरविंद टबात उतरले, दोन्ही हातांनी रॉड धरली आणि मला दाखवायला म्हणून मागे झुकले. टाइलसकट रॉड बाहेर आली. ऑफिसच्या पॅन्टीत अरविंद टबात बसले. नलूवहिनींनी पदर तोंडाला लावला. मला हसू आलं नाही. मी फक्त विचारलं, "एवढ्या जोरात ओढायचं कशाला?"

*

त्या दुपारी मी जेवणाच्या टेबलावर कागद पसरला. डाव्या बाजूला पितळी तांब्या ठेवला, हाताऐवजी. आमच्या बाथरूमचा नकाशा काढला. आजारानंतरची माझी पहिली सरळ रेघ ती. बाथरूमची एक-एक भिंत मी बोटाच्या पेरानं ठोकून बघितली होती. ज्या भिंतीवरून रॉड निघाली होती, तिच्यावर टाइल्सच्या मागे सिमेंट नीट भरलेलंच नव्हतं, ठोकलं की पोकळ वाजायचं.

नकाशावर मला दिसलं ते असं. मी चढते ती टबाच्या एका टोकाशी, आणि त्या टोकाच्या आडव्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, तर मला वळायची गरजच नाही. समोरच्या भिंतीवर उभा दांडा हवा. तो उजव्या हातानं धरायचा, उजवा पाय आधी आत, मग डावा. बाहेर येतानाही तोंड तिकडेच, हात तोच, फक्त डावा पाय आधी बाहेर. आत टबात एक घट्ट बसणारं स्टूल, म्हणजे तळाशी जाऊन उठावं लागणार नाही. आणि स्टुलावरून उठायला उजवीकडच्या लांबच्या भिंतीवर एक आडवा दांडा. ती भिंत बाहेरची, जाड विटांची. पोकळ टाइल्स काढून लांब बोल्ट विटेत सिमेंटनं पक्के केले तर भागत होतं.

समोरची आडवी भिंत मात्र पातळ, एका विटेच्या रुंदीची. तिथे गिट्टी चालणार नाही. बोल्ट भिंतीच्या आरपार जायला हवेत आणि पलीकडून लोखंडी पट्टीवर कसायला हवेत.

पलीकडे आमची बैठक होती.

अरविंदनी नकाशा बघितला. "म्हणजे बोल्ट बैठकीत दिसणार?"

"हो."

"शोकेसच्या शेजारी?"

"हो."

"लोक काय म्हणतील? घर आहे का कारखाना?"

"मी पडले तेव्हा लोक आले नव्हते उचलायला."

"वहिनी आहेत ना तुला अंघोळ घालायला? मग हा हट्ट कशासाठी?"

त्यानंतर कित्येक दिवस घरात कामापुरतंच बोलणं. मी पुन्हा अंगणातल्या खुर्चीवर, चादरीच्या आड. राग माझा अरविंदवर होताच, वहिनींवरही होता. मला वाटायचं, या आहेत म्हणूनच यांना दांड्याची गरज वाटत नाही.

एकदा मला अंघोळ घालून झाल्यावर वहिनी कपडे पिळायला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. एक हात भिंतीला, एक कमरेवर. डोळे मिटलेले.

"वहिनी, कंबर दुखते?"

"आज नाही दुखत. कधीपासूनच दुखते." त्या हळूहळू सरळ झाल्या. "सांगू कुणाला? भाऊजींचा फोन आला, या म्हणाले, आले. किती दिवसांसाठी ते कोणी बोललं नाही. माझं घर तिकडे कुलपात आहे, सुलभा. तुला कोणी विचारत नाही म्हणून तू चिडतेस. मला तरी कोणी विचारलं?"

त्या मला उचलताना दर वेळी 'हं' असा आवाज करायच्या. मला तो कंटाळ्याचा वाटायचा.

संध्याकाळी अरविंद चहा पीत असताना वहिनी त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "भाऊजी, मी शनिवारी देवासला जाते. हिला अंघोळ तुम्ही घाला."

"असं कसं वहिनी? मला कसं जमेल?"

"का? तुमचीच बायको आहे."

अरविंद कप तसाच ठेवून उठले आणि रईसभाईंकडे गेले. पटलं म्हणून नाही. अडकले म्हणून. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आजारी माणसाच्या घरी पुष्कळ चांगल्या गोष्टी अशाच होतात आणि नंतर त्यांना प्रेम म्हणतात.

*

दांडे आम्ही दुकानातून घेतले नाहीत. गेट-ग्रिल बनवणाऱ्याकडून जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपाचे करून घेतले. जाडी इतकी, की माझी बोटं भोवती पूर्ण मिटतील. भिंतीपासून अंतर इतकं, की बोटं मोकळी वळतील, पण पाय घसरला तर कोपरापर्यंत हात मागे जाऊन अडकणार नाही. पाइपावर बारीक खाचा, ओला हात सरकू नये म्हणून. उंची ठरवताना मी स्वतः चप्पल काढून तिथे उभी राहिले आणि रईसभाईंनी माझ्या हाताशी पेन्सिलची खूण केली. तुमच्या घरी करून घ्याल तेव्हा दुसऱ्या कुणाला उभं करू नका. ज्याचा हात तो दांडा धरणार आहे त्यालाच करा.

ड्रिलचं टोक बैठकीत बाहेर आलं तेव्हा भिंतीच्या डिस्टेंपरचा पोपडा शोकेसवर पडला. अरविंद खुर्चीत पेपर उघडून बसले होते, पण वाचत नव्हते. पट्टी बसली, नट कसले. सिमेंट पुरतं सुकू दिलं. मग आधी रईसभाई लटकले, मग अरविंद लटकले. मग मी.

वहिनी शनिवारच्या ऐवजी सोमवारी गेल्या. तो रविवार त्यांनी माझ्यासाठी ठेवला. दार लोटलेलं, कडी न लावता, हे आमचं ठरलं होतं. वहिनी बाहेर स्टुलावर. टबाच्या तळाला रबराची चटई, साबण दोरीला बांधून गळ्यात, कारण खाली पडलेला साबण उचलायला वाकणं म्हणजे पुन्हा पडणं. कोरड्या पायांनी मी टबाशी उभी राहिले. दांडा धरला. वजन टाकलं. तो हलला नाही. उजवा पाय आत. थांबले. डावा पाय ओढून आत. उजवा हात आडव्या दांड्यावर नेला आणि स्टुलावर बसले.

तांब्या बादलीत बुडवला आणि पहिलं पाणी मी माझ्या डाव्या खांद्यावर ओतलं. मला हवं तेवढं गरम. मला हवं तिथे.

"झालं का गं?" बाहेरून वहिनी.

"नाही. अजून बसणार आहे."

आनंद झाला म्हणून लिहायला हवं. झालाही. पण त्याहून जास्त संताप आला. पाइपाचे दोन तुकडे आणि थोडे बोल्ट! एवढ्यासाठी मी फाटका ओठ घेऊन चादरीच्या आड बसत होते. एवढ्यासाठी एका बाईनं आपली कंबर मोडून घेतली होती.

*

पुढे मी ऑफिसला पुन्हा जायला लागले. डावा हात पूर्ण आला नाही, पट्टी दाबायला शिशाचं वजन ठेवते. अरविंदनी बैठकीतल्या बोल्टांवर एक कॅलेंडर लटकवलं. मी काढलं. त्यांनी पुन्हा लटकवलं. मी फाडलं. मग बोल्ट तसेच राहिले.

समोरच्या घरातल्या त्रिवेदीबाईंच्या यजमानांना लकव्याचा अटॅक आला आणि ते हॉस्पिटलातून घरी आले, तेव्हा त्या आमच्याकडे आल्या. बोल्टांकडे बघून म्हणाल्या, "भाई साहब, हमको भी ऐसा लगवाना है।"

अरविंद खुलले. उठून त्यांना सगळं समजावून सांगायला लागले. गिट्टी कधी लावू नका, आरपार बोल्ट घ्या, उंची बघून घ्या, लटकून बघा. जणू बाथरूमचा नकाशा त्यांनीच काढला होता. मी बोलू दिलं. सांगत होते ते सगळं खरं होतं, आणि त्या बाईला त्याची गरज होती.

त्यांचं झाल्यावर मी विचारलं, "भाई साहब का कौन-सा हाथ चलता है?"

त्रिवेदीबाई गोंधळल्या. "शायद... दाहिना। डॉक्टर साहब ने बताया तो था।"

"उनसे पूछा?"

"वो ठीक से बोल कहाँ पाते हैं। बहुत टाइम लगता है।"

मी काठी घेतली आणि त्यांच्याबरोबर समोरच्या घरी गेले. त्रिवेदीजी पलंगावर उशीला टेकून बसले होते. आम्ही दोघी आत आलो तरी ते छताकडेच बघत होते. कोणी आपल्याशी बोलेल, याची सवयच सुटली होती. मी खुर्ची त्यांच्या अगदी समोर ओढली, बसले आणि विचारलं, "भाई साहब, नहाते वक्त किस हाथ से पकड़ेंगे?"

त्यांनी मान खाली आणली. माझ्याकडे बघितलं. ओठ हलले, आवाज आला नाही. त्रिवेदीबाई घाईनं म्हणाल्या, "दाहिने से ही..."

"रुकिए," मी म्हटलं. "उनको बोलने दीजिए।"

आणि आम्ही थांबलो.